बर्फातली मोळी

डेहराडून,
दि. ८ डिसेंबर २००३

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,

मंजुळाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही बरे आहोत. तुम्हीही बऱ्या असाल असं पुढं लिहायची रीत आहे, पण तुम्ही दोन बैल आणि गाय घेऊन कडा गावाजवळच्या चारा छावणीत पाचटाच्या खोपटात राहता आहात, तेव्हा ती रीत या वेळी सोडते. टँकर रोज येतो का? गाईला पेंड मिळते की नुसताच ऊस? छावणीतूनसुद्धा बायकांच्या दूध संस्थेचं दूध तुम्ही एक दिवस न चुकवता केंद्रावर घालता, हे वाचून मी शेजारणींना सांगितलं की आमच्या आत्याबाई संस्थेच्या सचिव आहेत. नुसतं सांगितलं नाही, जरा मिरवलंच.

तुमचं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. ‘माझा लेक तू माझ्यापासून तोडलास’ हे वाक्य तुम्ही त्यात दोन ठिकाणी लिहिलंय. एकदा लिहिलं असतं तरी पोचलं असतं.

दिवाळीला आम्ही आलो नाही हे खरं. यांची सुट्टी मंजूर झाली नाही. पलटणीचं काम म्हणजे आपल्या संस्थेसारखं नाही, की सभेत उठून दोन शब्द सुनावले आणि ठराव फिरला. इथं नाही म्हणजे नाही. तुम्ही म्हणता की मी क्वार्टरमध्ये राणीसारखी राहते आणि नवऱ्याला गावाचं तोंड बघू देत नाही. बरं. राणीला सकाळी चारला नळावर नंबर लावावा लागतो, एवढंच कळवते.

यांची तब्येत चांगली आहे. वजन जरा वाढलंय. मे महिन्यापासून यांना स्टोअरमध्ये काम दिलंय, कपडे आणि बूट मोजून द्यायचं. वारा नाही, ऊन नाही, पायपीट नाही. तुम्हाला नेहमी वाटायचं ना, की पोराला एकदा सावलीतलं काम मिळावं. मिळालं.

तुमची नात पहिलीत जाते. हिंदी फाडफाड बोलते आणि माझ्या हिंदीला हसते.

आता एक नवी बातमी, वाचून तुम्ही नक्की म्हणाल की ह्या लोकांना कामधंदे न्हाईत का. जानेवारीत पलटणीतर्फे जवानांची आणि त्यांच्या घरच्यांची आठ दिवसांची सहल आहे, औलीला, बर्फात. मुद्दाम हिवाळ्यात, मुद्दाम बर्फातच. पायांना लाकडी पट्ट्या बांधून उतारावरून घसरायचं, पोरांनी बिनचाकी गाडीवर बसून घसरायचं, आणि खायचं-प्यायचं पलटणीकडून. मला तर हसूच आलं. माझ्या माहेरी थंडी म्हणजे कारखाना. दसरा झाला की आई-बाबा बिऱ्हाड बांधून ऊस तोडायला निघायचे ते पाडव्याला परत. लग्न होईपर्यंत मी एकही हिवाळा घरच्या छपराखाली काढलेला नाही. लोक थंडीत मजा करायला घर सोडतात, हे मला इथं येऊन कळलं.

हे नको म्हणतात. म्हणतात, बर्फ बघायची हौस फिटली आपली. मी मात्र ऑफिसात जाऊन तिघांची नावं देऊन आले. घरी दोन दिवस अबोला होता. आज सकाळी चहा मागितला, म्हणजे मिटलं असावं.

तुम्ही तब्येतीला जपा. खोपटाच्या दाराला पोतं लावा, तिकडं या दिवसांत पहाटे गारठा असतो.

तुमची सून,
मंजुळा


डेहराडून,
दि. २१ जानेवारी २००४

आत्याबाई,

नमस्कार. हे पत्र मोठं आहे. दुपारचं वैरणीचं वाटप उरकलं की मग उघडा, आणि एकट्या बसून वाचा. घाबरू नका. शेवट चांगला आहे, इतका चांगला की तो आधीच लिहून टाकावा असं मला वाटतंय. पण मधलं सांगितल्याशिवाय तो तुम्हाला कळायचा नाही.

सुट्टी मंजूर झाली नाही असं मी लिहिलं होतं ते खोटं होतं. सुट्टी मागितलीच नव्हती. सावलीतलं काम मिळालं असं लिहिलं, तेही अर्धंच खरं.

तुमच्या लेकाच्या डाव्या पायाला बोटं नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन गेली. करंगळी राहिली. मागच्या फेब्रुवारीत वरच्या चौकीवर असताना हिमदंश झाला, मांस काळं पडलं, आणि दवाखान्यात ती बोटं काढावी लागली. जखम केव्हाच भरली आहे. दुखत नाही. आता पाणी प्या आणि पुढं वाचा.

अकरा महिने तुमच्यापासून हे लपवलं. मार्च महिन्यात मी पोरीला घेऊन घाईघाईनं निघाले, तेव्हा तुम्हाला वाटलं की सुनेला क्वार्टरची हौस आली. मला दवाखान्यातून निरोप आला होता. मी खाटेपाशी गेले, तर हे पहिलं वाक्य बोलले ते असं, “आईला कळवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.” मी विचारलं, कावून? लढाईत माणूस जखमी होतो, त्यात लाज कसली? तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. कारण मला दोन महिन्यांनी कळलं, आणि तेही यांच्याकडून नाही, पाटोद्याकडच्या गहिनीनाथ भाऊजींकडून. ते यांच्याच चौकीवर होते आणि शेवटची चढण यांना पाठीवर घेऊन तेच चालले होते.

ते कारण लिहायला माझा हात उचलत नाही, तरी लिहिते. चौकीवर पाणी नसतं, बर्फ असतं. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करतात. निजायच्या आधी बाटलीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं, असा हुकूम असतो, कारण ते गोठून बाटली फुटते. सगळे ओततात. तुमच्या लेकाला ओतवेना. अर्धी बाटली चांगलं पाणी जमिनीवर कसं सांडायचं? म्हणून यांनी ती बाटली बुटात घातली आणि गोठू नये म्हणून बूट आपल्या झोपायच्या पिशवीत घेतला. झाकण नीट बसलं नव्हतं. सकाळी बुटाचं अस्तर ओलं. गस्तीला निघायची वेळ झालेली. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, की मी पाणी वाचवलं? सात तास त्या ओल्या बुटात चालले.

चौकीवर दिल्लीची पोरं होती, केरळची होती, पंजाबची होती. ही चूक त्यांच्यातल्या एकाच्याही हातून झाली नसती. आपल्याकडचाच माणूस ती करणार.

आता तुम्हाला कळलं असेल की हे तोंड का दाखवत नव्हते. मला म्हणाले, “आईनं मला ल्हानपणापास्नं एकच शिकवलं, पाणी सांडायचं न्हाई. तिला कळलं की बोटं कशानं गेली, तर ती जीवाला लावून घील. रोज घागर उचलताना तिला माझा पाय दिसंल.” म्हणून यांनी ठरवलं होतं की गावाकडं यायचंच नाही. पलटण सोडायची, अपंगत्वाची पेन्शन घ्यायची आणि पुण्यात कुठंतरी वॉचमन व्हायचं. तसा अर्ज लिहून ट्रंकेत ठेवला होता. जानेवारीअखेर द्यायचा होता. मला म्हणायचे, “मी आता निम्मा माणूस हाय.” बाहेर जाताना मान खाली, नजर बुटांवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चालायला शिकवलं होतं, बुटात कापूस भरून दिला होता, पण हे प्रत्येक पाऊल बघून टाकायचे आणि बघूनही अडखळायचे.

तुम्ही मला लेक तोडणारी म्हणत होता, तेव्हा मी हे सगळं पोटात घेऊन बसले होते. यांची शपथ होती. तुमच्या शिव्या मी खाल्ल्या, एवढं लक्षात असू द्या. मी त्याची फेड नाही मागत. पण लक्षात असू द्या.

तर अशा माणसाला मी बर्फात घेऊन गेले. अकरा तारखेला औलीला पोचलो. आत्याबाई, जिथवर बघावं तिथवर पांढरं. देवदाराची झाडं वाकलेली, समोर डोंगरांची रांग, आणि हवा अशी की नाकात काटे टोचावेत. दहा कुटुंबं होती. दोन लांबलचक पत्र्याच्या बराकी, मधे शेगडी. सकाळी सुभेदारसाहेब शिट्टी वाजवायचे आणि सगळे जवान, त्यांच्या बायका, लेकरं बर्फात. सुभेदारसाहेब गढवालचे, मिशा पांढऱ्या, बर्फावर असे चालतात जसे आपण ओट्यावर. बायका आधी लाजायच्या, मग दुसऱ्या दिवसापासून घसरून पडल्या तरी हसायच्या. मी सतरा वेळा पडले. पोरगी एकदाही नाही. ती गाडीवर बसून उतारावरून अशी सुसाट यायची की माझा जीव तोंडाशी.

हे शेगडीपाशी. पहिल्या दिवशी म्हणाले सर्दी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवसापासून कुणी विचारायचंच बंद केलं. पोरगी रोज येऊन म्हणायची, बाबा, एकदा बघायला तरी चला. हे म्हणायचे, उद्या. सहा उद्या तसेच गेले. गहिनीनाथ भाऊजी येऊन म्हणायचे, “शहाद्या, बे, शेगडी फुटंल तुझ्या बसण्यानं.” त्यावरही हसू नाही.

त्या शिबिराची एक रीत आहे. शेवटच्या दुपारी वरच्या टेकाडावर मोठी शेकोटी करतात, आणि तिचं लाकूड प्रत्येक कुटुंबानं खालच्या वखारीतून स्वतः वर न्यायचं. नवरा, बायको, पोरं, सगळ्यांनी मिळून एक भारा. ज्याचं लाकूड नाही, त्याची शेकोटीत जागा नाही, असं सुभेदारसाहेब हसत हसत सांगतात. चढण फार नाही, आपल्या गावच्या माळाएवढी, पण वरच्या टोकाला बर्फाची काच झालेली असते, म्हणून तिथं पायांना अडेल अशा पट्ट्या ठोकलेली एक लांब फळी टाकून ठेवली होती. ज्यांना जमत नाही त्यांचा भारा खेचरावर जातो. हे सुभेदारसाहेबांना म्हणाले, आमचा खेचरावर टाका.

मी ऐकलं. आणि मला असा राग आला, आत्याबाई, की सांगता येत नाही. यांचा नाही, खेचराचा.

मी वखारीत गेले. सगळ्यांनी नायलॉनच्या दोरीनं भारे बांधले होते, ढिले, वेडेवाकडे, अर्ध्या वाटेत सुटतील असे. मी आमची लाकडं खाली घेतली, जाड बुंधे एकीकडं, बारीक शेंडे दुसरीकडं, गुडघा रोवून आवळलं आणि दोन बंध दिले, जसे माझ्या आईनं मला शिकवले तसे. बांधायला उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, नव्हतं म्हणून दोरीलाच पीळ घातला. मफलरची चुंबळ केली. आणि मोळी डोक्यावर घेतली.

इथं मला थांबून एक लिहायचं आहे. लग्नाआधी तुम्ही मला बघायला आलात ते कारखान्यावर, आमच्या कोपीपाशी, पाचटाच्या झोपडीपाशी. मी उसाच्या फडातून नुकतीच आले होते. तुम्ही माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं, पसंत म्हणालात आणि माझ्या आईसमोर अट घातलीत, “माझ्या घरात आल्यावर डोक्यावर मोळी घ्यायची न्हाई. भामाबाईची सून मोळ्या वाहती म्हून कुणी बोट दाखविलेलं मला चालायचं न्हाई.” मी हो म्हणाले. शपथ घेतली. तुमच्या मनात माझ्याविषयी चांगलंच होतं, हे मला कळतं. पण त्या वेळी माझी आई, साखराबाई, तिथंच डोक्यावरची मोळी उतरवून उभी होती. तिचं तोंड कसं झालं ते तुम्ही बघितलं नाहीत. मी बघितलं.

तर ती शपथ मी सतरा जानेवारीला दुपारी तीन वाजता मोडली.

मोळी घेऊन मी दहा पावलं गेले असेन, तर मागून आरोळी. हे बराकीच्या दारात. “डोकं फिरलंय का तुझं? ठिव खाली ती! आईला काय शबूद दिलाय?”

मी मागं न बघता म्हणाले, “दिलाय ना. मग तुमी घ्या.”

“मला चालाया येत न्हाई, दिसत न्हाई का तुला?”

सगळं शिबिर थांबलं. भाषा कुणाला कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळतं. एकट्या गहिनीनाथ भाऊजींना शब्द कळत होते आणि ते तोंडावर रुमाल धरून उभे होते. आत्याबाई, अकरा महिन्यांत हे वाक्य यांनी पहिल्यांदा मोठ्यांदा म्हटलं. सर्दी नाही, डोकं नाही. चालता येत नाही.

मी मोळी उतरवली आणि परत आले. “बरं, न्हाई येत. म्हून काय शेकोटी इथनं बघायची?”

“निम्मा माणूस हाय मी, मंजुळे.”

“निम्मा तर निम्मा. आमच्यात एकट्या गड्याला अर्धा कोयताच म्हणत्यात. नवराबायको मिळून एक कोयता, तवा कुठं मुकादम कामाला घेतो. मीबी अर्धीच हाय. चला, भारा घ्या.”

यांनी माझ्याकडं बघितलं. मग पोरीकडं बघितलं. तिनं यांचे बूट आणून समोर ठेवले.

मी चुंबळ यांच्या डोक्यावर बसवली. हे म्हणाले, पाठीवर घेतो, आम्ही पलटणीत पाठीवरच घेतो. मी म्हणाले, न्हाई, डोक्यावरच. का ते सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर यांनी ऐकलं नसतं. डोक्यावर मोळी असली की मान खाली घालता येत नाही, आत्याबाई. पाय बघता येत नाहीत. नजर समोर ठेवावीच लागते, नाहीतर ओझं पुढं येतं आणि माणूस तोंडावर पडतो.

गहिनीनाथ भाऊजींनी हात लावला आणि मोळी चढली. यांची मान ताठ झाली. मागच्या फेब्रुवारीनंतर मी तुमच्या लेकाची हनुवटी इतकी वर पाहिली नव्हती.

निघालो. हे पुढं, मी एक पाऊल मागं. उसाचा ट्रक भरताना नवख्याच्या मागं जाणता माणूस चालतो, तसं. आधीच्या चढणीला दोनदा पाय वळला, पण सावरले. पोरगी बाजूनं चालत होती आणि “बाबा, दगड”, “बाबा, खड्डा” असं सांगत होती. मग फळी आली.

फळीपाशी हे थांबले. हिवाळ्यात पहाटे ट्रकला लावलेली फळी अशीच असते. दव पडलेलं, वर उसाच्या रसाचा चिकटा, आणि डोक्यावर ओझं. मी बारा वर्षांची होते तेव्हा आईनं मला अशा फळीवर पहिल्यांदा चढवलं. तिचेच शब्द मी यांना दिले, जसेच्या तसे, “अंगठ्यावर जाऊ नगा. टाच आधी. मंग सगळा तळवा. पाऊल जरा बाहीर वळवा. अंगठा इसरून जावा.”

“अंगठा हाईच कुठं इसरायला!” हे म्हणाले. आणि फळीवर उभं राहून, डोक्यावर मोळी घेऊन, हा माणूस हसायला लागला. मोळी हलायला लागली. मी ओरडले, “हसू नगा, पडाल!” तर आणखीच हसू. गहिनीनाथ भाऊजी खालून ओरडले, “शहाद्या, हसायचं ते वर जाऊन हास बे!”

टाच, तळवा. टाच, तळवा. मी मागून मोजत होते. ज्या बोटांसाठी अकरा महिने रडलो, त्यांचं फळीवर कामच नव्हतं. नववं पाऊल, दहावं, अकरावं. बाराव्या पावलाला हे वरच्या टेकाडावर होते आणि मोळी धाडकन सुभेदारसाहेबांच्या पायांशी टाकली.

सगळे टाळ्या वाजवत होते. मेजरसाहेबांच्या बाईसाहेबांनी मला मिठी मारली, मला काय करावं कळेना. सुभेदारसाहेबांनी मोळीचे बंध बोटानं ओढून बघितले आणि विचारलं की हे कुणी बांधलं. मी म्हणाले, मी. कुठं शिकलीस? मी म्हणाले, माझे आई-वडील, रामहरी आणि साखराबाई, साखर कारखान्याचा ऊस तोडतात, मीही तोडला आहे. इथल्या बायकांना आजवर मी एवढंच सांगितलं होतं की वडील कारखान्यावर असतात. कुणी त्यांना साहेब समजलं तर समजू द्यायचे. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. हलकं वाटलं.

शेकोटी पेटली. सगळे ओले बूट काढून पाय शेकत बसले. हेही बसले. मग यांनी डावा बूट काढला. मोजा काढला. पोरीनं तो पाय कधी पाहिला नव्हता, घरात हे मोजा घालूनच निजायचे. तिनं बघितलं आणि विचारलं, “दुखतं का?” हे म्हणाले, “न्हाई, बाळा.” “मग शेका”, ती म्हणाली आणि यांच्या मांडीवर येऊन बसली. मी खूप रडले, आत्याबाई. आनंदानं रडले. तुम्ही तिथं असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी वर बर्फात चाळीस नवे जवान शिकायला आले होते. हे आपण होऊन सुभेदारसाहेबांकडं गेले आणि म्हणाले, मला यांच्याशी पाच मिनिटं बोलायचं आहे. बूट काढून पाय त्यांच्यासमोर ठेवला आणि बाटलीची गोष्ट सांगितली, सगळी, लाज न ठेवता. म्हणाले, मी अशा मुलखातला आहे जिथं पाणी सांडलं तर आई रागावते, आणि ती बरोबर रागावते. पण इथं निजायच्या आधी बाटली रिकामी करायची, ओतताना माझा पाय आठवायचा. मेजरसाहेब मागं उभे राहून ऐकत होते. त्यांनी तिथंच विचारलं की पुढच्या हिवाळ्यापासून शिबिरात शिकवायला येशील का, मी वर शिफारस करतो. घरी आल्यावर तो पलटण सोडायचा अर्ज ट्रंकेतून काढून हे मला म्हणाले, याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पोरीकडून पाढे लिहून घे. ती सध्या तेराच्या पाढ्यावर अडली आहे.

आता तुमच्याविषयी. तुम्ही हे वाचून स्वतःला दोष देणार, मला माहीत आहे. देऊ नका. ज्या मुलखात बायका दोन-दोन कोस घागरी वाहतात, तिथली आई लेकराला पाणी जपायला शिकवणारच. चूक झाकणाची होती आणि न बोलण्याची होती. न बोलण्यात मीही सामील होते, त्याबद्दल माफी मागते.

शपथ मोडल्याची माफी मात्र मागत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. आणि ‘लेक तोडलास’ हे जे तुम्ही लिहिलंत, ते परत घ्या. दोन ठिकाणी लिहिलं होतं, दोन्ही ठिकाणचं घ्या.

पाकिटात फोटो आहे. बाईसाहेबांनी काढला. फळीवर तुमचा लेक, डोक्यावर मोळी, मागं मी, तोंड उघडं, कारण ओरडत होते. छावणीत सगळ्यांना दाखवा. कुणी विचारलं की तुमची सून मोळी वाहते का, तर हो म्हणा. आणि पाडव्याला माझे आई-बाबा कारखान्यावरून परतले की हाच फोटो घेऊन माझ्या आईकडं जा. तिला म्हणा की माझा लेक तुझ्या चालीनं चालतो. हे तुमच्याच तोंडून तिला ऐकायला मिळावं, एवढं माझं मागणं आहे.

हे शेजारी बसलेत. खाली स्वतः लिहितो म्हणतात.

तुमची सून आणि साखराबाईची लेक,
मंजुळा

आई, मंजुळीनं लिहिलं ते समदं खरं हाय. झाकण मी नीट लावलं न्हाई, त्यात तुझं काई न्हाई. लई दिवस तोंड चुकवलं, आता चुकवत न्हाई. दोन फेब्रुवारीला नगरच्या गाडीनं येतो. फाट्यावर बैलगाडी धाडू नकू, बैलांना दावणीला खाऊ दे. कुणाची मोटारसायकल बी नकू. तू फकस्त छावणीच्या तोंडाला उभी ऱ्हा आन बघ.

तुझा,
फाट्यापास्नं पायी येनारा,
शहादेव